डावणी पावसानं येते, म्हणून ती रोग नाही?

निफाड-दिंडोरीकडे एखाद्या शेतकऱ्यानं जीव दिला की पुढचे आठ दिवस एकच वाद चालतो. एक बाजू म्हणते, कर्जानं मारलं. दुसरी म्हणते, कर्ज काय सगळ्यांनाच असतं, त्याला डिप्रेशन होतं. शहरात शिकणारा पुतण्या घरच्या ग्रुपवर मेंदूतल्या रसायनांचं चित्र टाकतो, त्यावर काका लिहितात, "आमच्या अण्णांनी ७२चा दुष्काळ काढला, त्यांना नाही झालं डिप्रेशन." नाशिकच्या कॉलेज रोडवर हाच वाद कपडे बदलून येतो. तिथे कर्जाच्या जागी नीटचे मार्क असतात किंवा मोडलेलं लग्न, आणि काकांच्या जागी "हल्लीची पोरं नाजूक" म्हणणारे शेजारी. भांडण कुठेही असो, दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते: कारण बाहेर सापडलं तर तो आजार नाही, आणि आजार म्हटलं की कारण डोक्याच्या आत. सगळा घोळ या गृहीतकात आहे. बाजू आधीच सांगून टाकलेली बरी. क्लिनिकल डिप्रेशन हा वैद्यकीय आजार आहे. क्षय किंवा रक्तदाब ज्या अर्थानं आजार, त्याच अर्थानं. आणि तसं म्हटल्यानं कर्ज, कांद्याचा भाव, सासरचा जाच, नवऱ्याची दारू यांतल्या एकाचीही जबाबदारी तसूभर कमी होत नाही.

या दोन गोष्टी एकदम खऱ्या कशा, हे द्राक्षवाल्याला समजावून सांगावं लागू नये. ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगा म्हणजे कोवळा कोंब फुटला आणि नेमका अवकाळी पाऊस आला की पानावर तेलकट पिवळे डाग दिसतात, पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. ही डावणी, वेलीचा बुरशीरोग. पाऊस आला नसता तर ती आली नसती, हे शंभर टक्के खरं. म्हणून "हा रोग नव्हेच, हा तर पाऊस" असं म्हणत फवारणी टाळणारा एक तरी बागायतदार पिंपळगावात सापडेल का? आणि फवारणी केली म्हणून दाटी कमी करायची नाही, पाण्याचा निचरा बघायचा नाही, असं म्हणणारा? वेलीच्या बाबतीत आपण इतके शहाणे असतो. माणसाच्या बाबतीतच "पाऊस की रोग" असं का विचारतो?

थोडा दोष शब्दाचा आहे. डिप्रेशनला आपण "नैराश्य" म्हणून बसलो. निराशा म्हणजे आशा तुटणं, मग ऐकणारा साहजिकच आशा पुरवायला धावतो: "अरे, होईल सगळं नीट." मथळे तर ठरलेलेच, "नैराश्यातून आत्महत्या", आणि खाली पहिल्या ओळीत एक कारण. सरकारी नोंदीतही तसंच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांत २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. कारणांत कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के. ज्याला कर्ज होतं, घरात भांडण होतं आणि तीन महिने झोप नव्हती, त्याचा रकाना कोणता? प्रत्येक आत्महत्येमागे डिप्रेशन असतंच असं नाही, आणि डिप्रेशन झालेले बहुतेक जण आत्महत्या करत नाहीत, हेही या मथळ्यांखाली गाडलं जातं. गंमत अशी की आजारी माणूस स्वतः "मी निराश आहे" असं फारसं म्हणतच नाही. तो म्हणतो, करमत नाही. कशात राम वाटत नाही. डोकं जड राहतं, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं. हे शब्द नैराश्यापेक्षा आजाराच्या कितीतरी जवळ जातात. म्हणून इथे डिप्रेशनच म्हटलं आहे. बसच्या तिकिटासारखा तो शब्दही आता आपलाच झाला आहे.

आता आजार म्हणजे नेमकं काय. डॉक्टर नऊ लक्षणं पाहतात: मन सतत उदास, कशातच रस किंवा आनंद नाही, झोप बिघडलेली, भूक किंवा वजन बदललेलं, थकवा, हालचाल-बोलणं मंदावलेलं किंवा उलट बेचैनी, लक्ष लागेना आणि निर्णय होईना, स्वतःबद्दल अपराधी किंवा नालायक वाटणं, मरणाचे विचार. यांतली किमान पाच, त्यांत पहिल्या दोनपैकी एक हवंच, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे, आणि कामधंदा-घरसंसार अडेल इतकी. कागदावर ही यादी कोरडी दिसते. प्रत्यक्षात ती अशी दिसते: पहाटे साडेतीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात वाईट जाते, दिवस कलला की जरा हलकं वाटतं, त्यामुळे संध्याकाळी भेटणाऱ्यांना "हा तर बरा दिसतो" असं वाटतं. ब्रशवर पेस्ट लावलेली असते आणि माणूस बेसिनपुढे दहा मिनिटं तसाच उभा असतो. दात घासायचे आहेत हे माहीत असतं, हात उचलत नाही. घरात नातवाचं बारसं असतं, आनंद व्हायला हवा हेही कळतं, होत नाही, आणि होत नाही याचीच लाज वाटते. दुःख लाटेसारखं येतं आणि ओसरतं. दुःखातला माणूस रडतो, मग कुणी आग्रह केला की चार घास खातो, जुनी आठवण निघाली तर हसतोही, आणि स्वतःला कवडीमोल समजत नाही. डिप्रेशनला अशी ओहोटी नसते.

या वादात कुरुक्षेत्रावरचा अर्जुन हमखास येतो. गात्रं गळाली, तोंड कोरडं पडलं, धनुष्य हातातून सुटलं, आणि उपदेश ऐकून तो बरा झाला. मग गोळ्या कशाला? पण अर्जुनाची ती अवस्था काही तासांची होती, समोर खरोखरच आजोबा आणि गुरू उभे होते, आणि तो एकामागून एक मुद्दे काढून वाद घालत होता. न झोपता, न जेवता, "मीच सगळ्याला कारण" असं पुटपुटत तीन आठवडे तंबूत पडलेल्या अर्जुनाला उपदेशाची पहिली ओळही नीट ऐकू गेली नसती.

विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र अर्जुनाचा नाही, तो कर्जाचा आहे, आणि त्याला हलक्यात घेऊन चालणार नाही. ते म्हणतात, दुःखाला आजार म्हटलं की अन्यायाचं रूपांतर औषधाच्या चिठ्ठीत होतं. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली ती ४ मे २०२४पर्यंत. त्या काळात लासलगावला ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या माणसाची झोप उडाली तर बिघाड कुठे आहे, त्याच्या मेंदूत की धोरणात? शिवाय शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणारी एक लाखाची मदत पात्र ठरायला कर्ज, थकबाकी, वसुलीचा तगादा दाखवावा लागतो. तिथे "आजार" हा शब्द शिरला तर प्रकरण अपात्र होईल ही भीती पोकळ नाही. गोळीनं कांद्याचा भाव वाढत नाही, हे मान्यच करायला हवं. जो कुणी डिप्रेशनच्या नावाखाली धोरणाला मोकळं सोडतो तो खोटं बोलतो.

पण या मुद्द्यातून "म्हणून तो आजार नाही" हे निघत नाही. क्षय घ्या. रॉबर्ट कॉखनं १८८२मध्ये जंतू दाखवला, तरी क्षय हा गरिबीचा आजार आहे हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाचं औषध येण्याच्या कितीतरी आधीपासून क्षयाचे मृत्यू घटत होते. राहणीमान सुधारत होतं. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला तर त्यांच्यात क्षयाचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं, हे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीनं दाखवलं. सरकार क्षयरुग्णाला गोळ्यांबरोबर पोषणासाठी महिन्याला पैसे देतं, आधी ५०० देत होतं, आता १,०००. यावरून कुणी म्हणालं का, की उपासमारीनं येतो तर क्षय आजार नव्हे, क्षयाची गोळी रिफॅम्पिसिन बंद करा? आणि काकांच्या "अण्णांना नाही झालं" या म्हणण्याचंही उत्तर इथेच आहे. क्षयाचा जंतू शरीरात शिरलेल्या शंभरांपैकी साधारण पाच-दहांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. उरलेले नव्वद शूर आणि हे दहा भित्रे, असं आपण म्हणत नाही. डिप्रेशनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांतून साधारण ३५ ते ४० टक्के दिसतो. बाकीचं बालपण, नुकसान, एकटेपण, शरीराचे आजार, दारू. एकाच गारपिटीत गावातल्या सगळ्या बागा झोडपल्या जातात, पण सगळ्या सारख्या कोलमडत नाहीत. ज्या कोलमडल्या त्यांची लाज कुणी काढत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट वादात येतच नाही: हा आजार माणसाचं अन्यायाशी लढण्याचं बळच काढून घेतो. पीकविम्यात गारपिटीसारख्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असते. फोटो काढा, अॅप उघडा किंवा फोन करा, सर्व्हे नंबर सांगा. ज्याला ब्रश उचलवत नाही तो हे ७२ तासांत करील? पंचनाम्याला तलाठी येतो तेव्हा तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. बँकेत पुनर्गठनाचा अर्ज करायचा तर मॅनेजरसमोर बसून चार वाक्यं बोलावी लागतात. कर्ज आणि आजार एकमेकांना पोसतात. त्यातला आजार उपचारानं मागे हटला तर कर्जाशी भांडायला माणूस उरतो. उपचाराला अन्यायाचा दलाल म्हणणाऱ्यांनी हे कधी मोजलं आहे का?

दुसरा आक्षेप शिकलेल्या लोकांचा: रक्ताची तपासणी नाही, एक्सरे नाही, मग आजार कसला? शिवाय २०२२मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितलं की मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झाल्यानं डिप्रेशन होतं याला सुसंगत पुरावा नाही. इथेही कबुली देऊन टाकावी. "केमिकल इम्बॅलन्स" हे घोषवाक्य होतं. औषध कंपन्यांना ते सोयीचं होतं, डॉक्टरांना समजावायला सोपं होतं, आणि रुग्णालाही "माझा दोष नाही" असा दिलासा देत होतं. सिद्ध मात्र ते कधीच नव्हतं. पुतण्यानं ते चित्र ग्रुपवरून काढलेलं बरं.

पण कारणाचा सिद्धांत पडला म्हणून आजार पडतो का? पुन्हा बागेत चला. १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये डावणीनं हाहाकार केला होता. बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर मालक मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडत, तेही वाटसरूंनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५मध्ये त्यानं ते मांडलं, आणि आजही १०० लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, असं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण आपल्याकडे बनतं. मोरचुदातलं तांबं बुरशीच्या पेशीत काय करतं हे आधी समजलं आणि मग फवारलं, असं झालं नाही. डिप्रेशनची औषधंही अशीच आडवाटेनं आली. १९५२च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावर इप्रोनियाझिड देत होते, तर मरगळलेले रुग्ण ताजेतवाने झाले, वॉर्डात नाचू लागले. स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून स्किझोफ्रेनियासाठी आलेलं इमिप्रामिन तपासत होते. ते स्किझोफ्रेनियाला चाललं नाही, डिप्रेशनला चाललं. अॅस्पिरिन १८९९पासून विकलं जात होतं, ते काम कसं करतं हे जॉन व्हेननं १९७१मध्ये दाखवलं. अर्धशिशीचं निदान आजही रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. पार्किन्सनचं बव्हंशी तपासणाऱ्याच्या नजरेवरून. रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. यातलं कुणी "मनाचा खेळ" ठरत नाही.

आणि तपासण्या नसतातच असंही नाही. चांगला डॉक्टर पहिल्याच भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ आणि साखर बघतो, कारण थायरॉइड मंदावलं किंवा रक्त कमी असलं तरी माणूस हुबेहूब असाच दिसतो. मग पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त झाले की नीट तपासायचं, वीस किंवा जास्त म्हणजे तीव्र. हा आकडा निदान नव्हे, तो थर्मामीटर आहे. सहा आठवड्यांनी पुन्हा लावला की १९चे ११ झाले की नाही ते कळतं.

तिसरा आक्षेप औषधांवर. यातला अर्धा आक्षेप बरोबर आहे. २०१८मध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्या, २१ औषधं आणि सुमारे १ लाख १६ हजार रुग्णांची माहिती एकत्र केली. सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली, पण सरासरी फरक माफक होता. ब्रिटनच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना तर सौम्य डिप्रेशनला पहिल्या झटक्यात सरसकट गोळी देऊ नका असंच म्हणतात. म्हणजे प्रत्येक उदास माणसाला स्ट्रिप देणं चूकच. पण आजार तीव्र असेल, जेवण तुटलं असेल, मरणाचे विचार येत असतील, तिथे गोळी टाळणं ही तितकीच मोठी चूक, आणि तिथेच आपण ती टाळतो.

खरं सांगायचं तर आपल्याकडे औषध वाईट नसतं, औषधोपचार वाईट होतो. गल्लीतल्या डॉक्टरकडे रुग्ण "झोप नाही, अंग दुखतं" म्हणून जातो. पाच मिनिटांत बी-१२चं इंजेक्शन आणि अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम मिळतं. त्या रात्री झोप लागते, म्हणून डॉक्टर हुशार ठरतो. आजार तसाच, आणि पाचव्या वर्षीही ती गोळी चालू, आता सवयीची. नाहीतर एस्सिटालोप्रॅम हे डिप्रेशनचं औषध आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली स्ट्रिप हातात पडते. घरचे तिला "झोपेची गोळी" म्हणतात, त्यामुळे झोप आली की बंद. खरं तर एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅमनं सुरू करून १०वर नेतात, सर्ट्रालीन २५ किंवा ५०नं, नाश्त्यानंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौचाला, डोकेदुखी, थोडी बेचैनी. गुण यायला दोन आठवडे, आणि तो किती आला हे ठरवायला चार ते सहा. त्रास आधी, फायदा नंतर: हे एक वाक्य कुणी सांगितलं नाही की दहाव्या दिवशी गोळी कचऱ्यात जाते आणि "मानसोपचाराची औषधं सोसत नाहीत" ही नवी अफवा गावात फिरते. लैंगिक इच्छा कमी होते, हे डॉक्टर सांगत नाही आणि रुग्ण विचारत नाही. तिथेही गोळी गुपचूप सुटते. म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर, रक्तातलं सोडियम उतरू शकतं. तोल जाणं, बरळणं सुरू झालं तर त्याच दिवशी तपासायला हवं. पंचविशीच्या आतल्यांत पहिले काही आठवडे मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं आणि पुढची भेट महिन्यानं नव्हे, आठवड्यानं. आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: "आधी कधी खूप उत्साह, झोपेची गरज नाही, पैसा उधळणं, असं काही दिवस झालं होतं का?" हे न विचारणं. तो द्विध्रुवी (बायपोलर) आजार असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळीनं माणूस दुसऱ्या टोकाला फेकला जातो.

बरं वाटल्यावर त्याच मात्रेत पुढे सहा ते नऊ महिने, मग डॉक्टरला विचारून आठवड्या-आठवड्यानं कमी. एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं. पहिला झटका येऊन गेलेल्यांत साधारण निम्म्यांना आजार पुन्हा गाठतो, म्हणून हा हिशेब. मरणाबद्दल सरळ विचारलं तर माणसाच्या डोक्यात ते भरवल्यासारखं होतं, हा समजही सोडायला हवा. विचारल्यानं धोका वाढत नाही. बहुतेक जण कुणीतरी विचारलं म्हणून सुटकेचा श्वास टाकतात.

राहिला मनोबलाचा मुद्दा: आजार म्हटलं की माणूस हातपाय गाळतो, प्रयत्न सोडतो. मधुमेह म्हटल्यावर लोक गंगापूर रोडवर पहाटे चालायला लागले की थांबले? प्रयत्न उपचाराचाच भाग आहे, फक्त त्याची मात्रा ठरवून द्यावी लागते. "मन रमव" ही मात्रा नाही. "सात वाजता ओट्यावर बसून चहा, साडेसातला बागेच्या पहिल्या ओळीपर्यंत जाऊन परत, मन असो वा नसो, आणि वहीत खूण" ही मात्रा आहे. गोव्यात २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक लोकांनी अशाच सहा ते आठ भेटींत तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांत फरक पाडून दाखवला.

श्रद्धेचंही असंच. फेफरं आलेल्याला कांदा नाहीतर चप्पल हुंगवणारी पिढी अजून हयात आहे. फेफऱ्यावरचं फेनोबार्बिटल १९१२पासून उपलब्ध असूनही हिंदू विवाह कायद्यातून लग्नाच्या आड येणारा अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, उल्लेख निघायला १९९९ उजाडलं. तो कांदा कुणी वादात हरून खाली ठेवला नाही. गोळीनं फेफरं थांबतं हे शेजारच्या घरात दिसलं तेव्हा ठेवला. त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायणनागबळी करणाऱ्या कुटुंबाला हसण्याचं कारण नाही; जुनं दुःख चारचौघांत बोलायची ती कित्येकदा पहिली संधी असते. फक्त पूजेच्या तारखेसाठी डॉक्टरची तारीख पुढे ढकलू नये, आणि चालू गोळी त्या तीन दिवसांत तोडू नये. इगतपुरीला दहा दिवस बसवलं की सुटेल असं सुचवणाऱ्यांनी तर विपश्यना केंद्राची नियमावलीच वाचावी: गंभीर मानसिक विकार असलेल्यांना शिबिर सुचवलं जात नाही आणि ही साधना वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, हे तिथेच लिहिलं आहे. घरचे सल्लागार केंद्राहून जास्त खात्रीनं बोलतात.

आजार म्हटल्यानं हक्क येतात, ही गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते. २९ मे २०१८पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना शारीरिक आजारांच्या बरोबरीनं मानसिक आजारांना विमा द्यायला सांगितलं, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि भूल न देता शॉक देण्यावर बंदी घातली. सिनेमातल्या शॉकला घाबरून तीव्र रुग्णाचे प्राण वाचवू शकणारा उपचार नाकारणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. पण विमा बहुतेक ठिकाणी दवाखान्यात भरती झाल्यावरच मिळतो आणि डिप्रेशनचा उपचार बव्हंशी भरतीशिवाय होतो. कायदा कागदावर बरोबर आणि खिशाला निरुपयोगी. याविरुद्ध भांडायचं तर आधी "हा आजार आहे" हेच म्हणावं लागेल.

२०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात डिप्रेशनच्या शंभर रुग्णांतल्या सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात यायचं तर जिल्ह्याच्या टोकाच्या सुरगाण्यातल्या माणसाचा दिवस मोडतो, आणि महिन्याला एक अशी वर्षभर मजुरी बुडते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. पण फोन उचलायलाही थोडं त्राण लागतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत विश्राम प्रकल्पानं गावातलीच माणसं शिकवून दारोदार पाठवली, तेव्हा उपचारांपर्यंत पोचणाऱ्या डिप्रेशनच्या रुग्णांचं प्रमाण दीड वर्षात चार टक्क्यांवरून सत्तावीस टक्क्यांवर गेलं. विदर्भात जमलं ते पेठ-सुरगाण्यात का जमू नये? तयारी तर अर्धी झालेली आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात रक्तदाब, साखर, कॅन्सरच्या प्रश्नांबरोबर हे दोन प्रश्नही छापलेले आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, हताश किती वेळा वाटलं. बेरीज तीनच्या वर गेली तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे पाठवायचं. क्षयरुग्णाचं नाव त्यानंतर निक्षय या सरकारी नोंदणी पोर्टलवर चढतं, गोळ्या चुकल्या तर कुणीतरी दारात येतं. डिप्रेशनच्या रुग्णाला मिळतो एक केसपेपर, तो त्याच्याच पिशवीत राहतो. मळमळीला कंटाळून दहाव्या दिवशी त्यानं गोळी सोडली, तिसऱ्या आठवड्यात तो आला नाही, तर त्याच्या घरी कुणी जायचं, यासाठी त्या फॉर्मवर अजून रकाना नाही.